आई-वडिलांना मधुमेह, मग मला होणारच का?

मधुमेह आणि घराणं या विषयावर गेल्या महिन्यात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या भागांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे मधुमेह म्हणजे टाइप टू समजावा.

प्रश्न : वय ३१, उंची पाच फूट सात इंच, वजन ६४ किलो. वडिलांना ४४व्या वर्षी आणि आईला ५८व्या वर्षी मधुमेह निघाला. माझी नोकरी हिंजवडीत, दिवसभर बैठं काम, व्यायाम नाही. गोड फारसं खात नाही, जाडही नाही. पँट ३४ नंबरची लागते. मला मधुमेह होणारच का? (कोथरूड)

होणारच, असं मुळीच नाही. पण ‘जाड नाही म्हणजे सुटलो’ हेही खरं नाही.

आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर मुलांचा धोका घरात कोणालाच नसलेल्यांच्या दोन-तीन पट धरतात. दोघांनाही असेल तर साधारण पाच-सहा पट. तुमच्या पत्रातला ४४ हा आकडा आम्हाला त्याहून बोलका वाटला. सत्तरीत निघालेल्या मधुमेहात वयाचा मोठा हात असतो. नातलगाला तो जितक्या लवकर निघतो, तितका वारशाचा वाटा जास्त असण्याची शक्यता असते.

वारशाने आजार येत नाही, येतो तो कल. टाइप टूमध्ये बहुतेक वेळा एखादं ‘मधुमेहाचं जनुक’ नसतं. २०२४ मध्ये २५ लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात धोक्याशी जोडलेल्या सहाशेहून अधिक जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेकींचा परिणाम अगदी थोडा आहे. त्यातल्या त्यात वजनदार म्हणजे टीसीएफ7एल2 नावाचं जनुक. आइसलंडमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये ते दाखवून दिलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यातल्या रुग्णांमध्येही ते तसंच आढळलं. त्याच्या धोकादायक रूपाची एक प्रत असली की धोका साधारण दीडपटीच्या जवळ जातो. ते काम करतं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर. गरज वाढली की जादा इन्सुलिन सोडायची त्यांची ताकद कमी पडते. जन्मतःच खात्यात शिल्लक थोडी, असा हा मामला आहे. पोटावरची चरबी, बैठं काम, अपुरी झोप हे त्यावरचे खर्च.

आता तुमच्या ‘जाड नाही’बद्दल. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२ च्या आसपास येतो, म्हणजे कागदावर उत्तम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याची सुरुवात गर्भातच होते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांमध्ये स्नायू बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हीच मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा बहुतेक सडपातळच होती. तरी मुलग्यांपैकी सुमारे ३७ टक्के आणि मुलींपैकी सुमारे १८ टक्क्यांची साखर मधुमेहपूर्व पातळीत किंवा त्याहून वर गेलेली होती. अंगकाठी बघून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, तो यामुळे.

तुमचा हिशेब मांडून बघू. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने बनवलेली धोका मोजायची पद्धत आपल्याकडे सर्रास वापरतात. वय ३५ च्या आत असेल तर ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपासून पुढे ३०. एका पालकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. पुरुषांच्या कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असेल तर ०, ९० ते ९९ ला १०, त्यापुढे २०. (बायकांसाठी ८० च्या आत ०, ८० ते ८९ ला १०, पुढे २०.) बैठं काम आणि व्यायाम शून्य, याचे ३०. बैठं काम पण नियमित व्यायाम, किंवा व्यायाम नाही पण अंगमेहनतीचं काम, याचे २०. दोन्ही असेल तर ०. एकूण ६० किंवा जास्त म्हणजे मोठा धोका, ३० ते ५० मध्यम.

पँटचा नंबर इथे चालत नाही. पँट पोटाखाली बसते आणि नंबर कंपनीगणिक बदलतो. शर्ट वर करून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मधोमध टेप आडवा धरा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढायचं नाही. समजा ९२ भरलं, तर तुमचे गुण ० + २० + १० + ३० म्हणजे ६०. कंबर ९० च्या आत आली आणि नियमित व्यायाम सुरू झाला तर ४०. आई-वडील तेच, जनुकं तीच.

तुम्हाला वजन उतरवायचं नाही, कंबर उतरवायची आणि स्नायू वाढवायचे आहेत. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं आणि त्याशिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम (बैठका, जोर, डंबेल्स, काहीही). नुसतं चालणं आपल्याकडच्या सडपातळ माणसाला पुरत नाही, कारण जेवणानंतरची साखर उचलणारं मोठं गोदाम म्हणजे स्नायू, आणि नेमकी तिथेच आपली तूट असते. रात्री जेवल्यावर १० ते १५ मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारल्या तर वेगळा फायदा. ताटात निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीला, पाव डाळ-उसळ-अंडी-मासे यांना आणि उरलेल्या पावात पोळी, भाकरी किंवा भात. ‘किंवा’ महत्त्वाचं. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणून वर भात माफ होत नाही.

आणि हे जनुकांपुढे टिकतं का? टिकतं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध-अभ्यासात आहार-व्यायाम बदललेल्या गटात टीसीएफ7एल2 चा जादा धोका जवळपास पुसला गेला होता. आपल्या देशातल्या मधुमेहपूर्व लोकांवरच्या अभ्यासात (निष्कर्ष २००६) तीन वर्षांत नुसत्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. तो प्रत्येकाचा टळत नाही, हेही या आकड्यात आहे. तेव्हा तपासणी याच महिन्यात करा आणि निर्दोष आली तरी दरवर्षी, निदान दोन वर्षांनी करत राहा.

प्रश्न : डॉक्टर ‘फॅमिली हिस्टरी’ विचारतात तेव्हा नेमकं काय सांगायचं? आम्ही ‘हो, आहे’ म्हणतो, ते तेवढं लिहून घेतात. (धनकवडी)

‘हो, आहे’ने फारसं काही कळत नाही. दिवाळीला किंवा घरच्या कार्याला सगळे जमतात तेव्हा कागद घेऊन बसा. तीन पिढ्या लिहा : आजी-आजोबा दोन्हीकडचे, आई-वडील, काका-आत्या-मामा-मावशा, सख्खी भावंडं. प्रत्येकापुढे मधुमेह कितव्या वर्षी निघाला, तेव्हा अंगाने कसे होते, गोळ्या किती वर्षं चालल्या, इन्सुलिन केव्हा लागलं, एवढं हवं. बायकांच्या बाबतीत गरोदरपणात साखर वाढली होती का आणि बाळं किती वजनाची झाली, हेही.

‘आजोबांना काही नव्हतं’ हे वाक्य जपून लिहा. त्यांची साखर कोणी कधी तपासली होती का? पायाची जखम चिघळून बोट काढावं लागलं, शेवटी किडन्या गेल्या, पन्नाशीत हार्टने गेले, अशा नोंदी असतील तर ‘नव्हतं’ऐवजी ‘माहीत नाही’ लिहा. मधुमेह आणि बहिरेपणा दोन्ही आईच्या बाजूने पिढ्यान्‌पिढ्या उतरत असतील तर ते मुद्दाम सांगा. मायटोकाँड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या) दोषाने येणारा एक विरळा प्रकार फक्त आईकडूनच येतो आणि त्याची औषधं निवडताना वेगळा विचार लागतो.

प्रश्न : मुलीला चांगलं स्थळ आलं आहे, पण मुलाच्या आई-वडिलांना दोघांनाही मधुमेह आहे. आमच्याकडे माझ्या मिस्टरांना आहे. नातवंडांचा विचार करून नकार द्यावा का? (सदाशिव पेठ)

या एका कारणावरून नकार द्यायचा ठरवलात तर पुणे जिल्ह्यात स्थळ मिळणं अवघड. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि १५.३ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत आढळले. शहरांत प्रमाण त्याहून जास्त.

थॅलेसेमियासारख्या आजारात दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलं तर मूल आजारीच जन्मतं. तिथे लग्नाआधी रक्त तपासण्याला अर्थ आहे आणि तो आग्रह तुम्ही जरूर धरा. मधुमेहात तसं गणित नाही. दोन्हीकडून थोडा थोडा कल येईल, नातवंडांचा धोका वाढेल, पण तो प्रत्यक्षात उतरायला मध्ये तीस-चाळीस वर्षांचं खाणंपिणं असतं. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं, तरी जोडीदाराला मधुमेह असणाऱ्यांचा धोका सुमारे चतुर्थांशाने जास्त असल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात दिसलं आहे. स्वयंपाकघर एक, रविवारची बाकरवडी एक, संध्याकाळी सोफ्यावर बसणंही एकत्र. मुलगा स्वतःची तपासणी करतो का, तंबाखू-सिगारेट आहे का, हे विचारा. तो प्रश्न पत्रिकेपेक्षा उपयोगी पडेल.

प्रश्न : पहिल्या खेपेला गरोदरपणात शुगर निघाली होती. बाळंतपणानंतर ‘आपोआप गेली’. मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. पुन्हा तपासलेलं नाही, दुसऱ्याचा विचार चालू आहे. मुलीला धोका आहे का? (हडपसर)

आधी तुमच्याबद्दल. साखर गेली नाही, मागे सरली. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप टू होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी व्हायला हवी होती. बाळाच्या लसींच्या गडबडीत ती बहुतेक घरांत राहूनच जाते. आता, दुसऱ्या गरोदरपणाच्या आधी, ती करा. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत पुन्हा आणि ती निर्दोष आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान परत. गर्भाचे अवयव पहिल्या आठ-दहा आठवड्यांत घडतात आणि त्या काळात चढलेली साखर बाळाला बाधते, म्हणून ‘पाचव्या महिन्यात बघू’ चालणार नाही.

मुलीचा प्रश्न अवघड पण विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या पिमा आदिवासींमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना झाली : काही आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. आई-वडील तेच, तरी नंतर जन्मलेल्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. म्हणजे आईकडून जनुकांखेरीज गर्भातल्या नऊ महिन्यांचाही वारसा येतो. तुमच्या मुलीला आत्ता सुया टोचायची गरज नाही. दर वाढदिवसाला तिची उंची-वजन बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यावर मांडा. वजनाची रेघ उंचीच्या रेघेपेक्षा वेगाने चढू लागली तर लगेच दाखवा. तसं वजन वाढलं तर दहाव्या वर्षापासून, किंवा त्याआधी वयात येण्याची चिन्हं दिसू लागली तर तेव्हापासून, साखर तपासायची. दुसऱ्या खेपेला साखर आटोक्यात ठेवणं आणि बाळाला अंगावर पाजणं, दोन्ही तुमच्या आणि बाळाच्या उपयोगाचं आहे.

आणखी एक. शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. पुण्याजवळच्या त्याच अभ्यासात गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक होतं. फोलिक अ‍ॅसिडची गोळी यामुळे सोडायची नाही, बी-१२ ची तूट भरायची.

प्रश्न : आईला मधुमेह आहे म्हणून वयाच्या ३८व्या वर्षी घरी माणूस बोलावून रक्त दिलं. उपाशीपोटी ९२, पण एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१. खरं कोणतं? (बिबवेवाडी)

९२ हा निर्दोष आणि ६.१ हा मधुमेहपूर्व पातळीतला आकडा. लॅबने दोन्ही बरोबर मोजूनही असा गोंधळ होऊ शकतो.

रक्त नळीत पडल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के. घरून घेतलेलं रक्त दुचाकीवरून तीन तासांनी लॅबला पोचलं तर १०८ चे ९२ होऊ शकतात. म्हणून साखरेसाठी फ्लोराइड असलेली, राखाडी टोपणाची नळी वापरतात. पण फ्लोराइडचा परिणामही पहिल्या एक-दोन तासांत पुरता होत नाही. खात्रीचा आकडा हवा तर लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या.

दुसरीकडे एचबीएवनसी हिमोग्लोबिनवर अवलंबून. लोह कमी असेल तर तो खोटा चढतो, आणि आपल्याकडे बायकांमध्ये हे फार वेळा घडतं. थॅलेसेमियाचा वाहक असणं, नुकताच झालेला रक्तस्राव किंवा रक्त चढवणं यांनी आकडा फसवा होतो, बहुधा खोटा उतरतो. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघितल्याशिवाय ६.१ वर शिक्का मारू नका.

निकाल लावायचा तर ग्लुकोजची चाचणी करा. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, त्यात पोळी-भात हवाच. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी किंवा ‘डाएट’ चालू असताना गेलात तर आकडा उगीच चढलेला येऊ शकतो. रात्री ८ ते १० तास उपास, पाणी चालेल. सकाळी पहिलं रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात घालून पाच मिनिटांत प्यायचं. (लॅबमध्ये ८२.५ ग्रॅम मोजलं तर घाबरू नका, पाण्याचा अंश असलेली पूड तेवढी घ्यावी लागते.) पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे. या वेळात फिरणं, चहा, सिगारेट बंद. उलटी झाली तर चाचणी रद्द. ताप किंवा स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल तर पुढे ढकला.

उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. १२६ आणि २०० पासून पुढे मधुमेह. त्रास काही नसेल तर एकाच आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्या चाचणीचा दुजोरा लागतो. घरच्या ग्लुकोमीटरवर निदान करू नये.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, सडपातळ. कॉलेजच्या तपासणीत लघवीत साखर, नंतर रक्तात उपाशीपोटी १४८. मला २४व्या वर्षी मधुमेह निघाला, माझ्या वडिलांना २७व्या. कोणी टाइप वन म्हणतं, कोणी टाइप टू. (चिंचवड)

तिसरीही शक्यता आहे आणि तुमच्या घरात ती तपासलीच पाहिजे. सलग तीन पिढ्या, पंचविशीच्या आगेमागे सुरुवात, अंगाने बारीक, आणि तुम्ही इतकी वर्षं इन्सुलिनशिवाय असाल तर ‘मोडी’ नावाच्या प्रकाराचा संशय घ्यायला जागा आहे. इथे मात्र खरोखर एकच जनुक बिघडलेलं असतं आणि प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

आधी टाइप वन (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतं तो प्रकार) बाजूला काढायचा. त्यासाठी जीएडी आणि आयए-2 या प्रतिपिंडांची (त्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडींची) चाचणी आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते यावरून कळतं). लघवीत कीटोन असतील, मुलाला उलट्या होत असतील, वजन झरझर उतरत असेल, तर मात्र या तपासण्यांसाठी थांबायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोटात वारंवार दुखत असेल तर सोनोग्राफीत स्वादुपिंडात खडे आहेत का तेही पाहतात. प्रतिपिंडं नाहीत आणि सी-पेप्टाइड बऱ्यापैकी आहे, असं दिसलं तर एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या सल्ल्याने मोडीची जनुकीय चाचणी करावी. ती खर्चिक असते, पण इथे खर्च वसूल होतो, कारण उत्तरावर औषध ठरतं. मोडीचे प्रकार बिघडलेल्या जनुकाच्या नावाने ओळखतात. एचएनएफ1ए प्रकारात ग्लिक्लाझाइडसारख्या गोळीची अगदी थोडी मात्राही चांगली लागू पडते, नेहमीच्या मात्रेने साखर धोकादायक उतरते. जीसीके प्रकारात उपाशीपोटी साखर बहुधा १०० ते १४५ च्या दरम्यान आयुष्यभर रेंगाळते आणि गरोदरपण सोडलं तर सहसा औषध लागतच नाही. रक्तातली साखर १८० च्या आत असतानाही लघवीत साखर जाणं एचएनएफ1एकडे बोट दाखवतं. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या कानावर घाला. तुमच्या गोळ्या त्याला सुरू करू नका. निदान पक्कं झालं की तुमचीही औषधं नव्याने ठरतील.

प्रश्न : थुंकी पाठवून जनुकीय चाचणी केली. मधुमेहाचा धोका ‘७८’ आला. घाबरून गेलो आहे. (बाणेर)

तो ७८ टक्के धोका असेलच असं नाही. रिपोर्टमध्ये ‘पर्सेंटाइल’ शब्द शोधा. तसं असेल तर अर्थ एवढाच, की १०० माणसांच्या रांगेत तुमचा जनुकीय कल ७८ जणांपेक्षा जास्त आहे. त्यातल्या किती जणांना मधुमेह होईल ते हा आकडा सांगत नाही. शिवाय असे गुण बऱ्याच अंशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असतात आणि आपल्याकडे तितके नेमके ठरत नाहीत. वय, कंबर, आई-वडील आणि एक उपाशीपोटीची साखर यांतून बहुतेकांना पुरेसं कळतं. गुण कमी आले म्हणून तपासणी सोडणं हा या किटचा खरा तोटा. मोडीच्या चाचणीशी याची गल्लत करू नका, ती वेगळी.

प्रश्न : आमच्या सात पिढ्यांत कोणाला नाही. मला ५६व्या वर्षी अचानक २४० साखर निघाली. तीन महिन्यांत सहा किलो वजनही कमी झालं. हे कुठून आलं? (तळेगाव)

घरात कोणालाच नसतानाही मधुमेह होतो, त्यात नवल नाही. पण तुमच्या पत्रात आम्हाला खटकलं ते वजन. पन्नाशीनंतर, घराण्यात नसताना, अचानक चढलेली साखर आणि न प्रयत्न करता उतरलेलं वजन एकत्र आलं तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यायची असते. क्वचित तिथल्या कर्करोगाची ही पहिली खूण असते. बहुतेक वेळा काही निघत नाही आणि वजन नुसतं चढलेल्या साखरेनेच उतरलेलं असतं, पण ते सीटी स्कॅन झाल्यावर म्हणायचं. सांधेदुखी, दमा किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड (वैदूकडच्या नाव नसलेल्या पुड्यांसकट) घेत असाल तर तेही सांगा. पोट किंवा पाठ दुखत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर या आठवड्यातच दाखवा.